टेप लावलेलं दार

मार्च लागला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या झेरॉक्सच्या दुकानाचं शटर सकाळीच खाली येतं. पलीकडच्या शाळेत परीक्षेचं सेंटर असतं आणि पेपर सुटेपर्यंत जवळपासच्या झेरॉक्सवाल्यांनी मशीन बंद ठेवायचं असतं. दुकानवाला शटरला पाठ लावून, पाय खुर्चीवर घेऊन बसतो. त्याच्या मशीनचा आवाज थांबतो, पण भिवंडीतल्या आमच्या टेमघरात त्यानं काही शांतता होत नाही. गल्लीतल्या लूमची, यंत्रमागांची, खटाखट चालूच असते. त्या खटाखटीतून पोरीबाळी छातीशी पॅड धरून जातात, पॅडच्या चिमट्यात हॉल तिकीट फडफडत असतं, आणि मागून कुणाची तरी आई सांगत असते, "नंबर अंकात पन लिही, अक्षरात पन लिही. इसरशील न्हायतर."

मी त्याच वेळी डबा घेऊन ड्युटीला निघालेली असते. त्या आल्या की मी कडेला सरकून उभी राहते, त्यांना पुढे जाऊ देते. मला उशीर होत असला तरी. रस्ता काही एवढा अरुंद नाही.

मी नववीत शाळा सोडली. परभणीकडच्या आमच्या गावात आईच्या कमरेचं ऑपरेशन झालं, बाबा धान्याच्या मोंढ्यात हमालीला, आणि घरात कुणीतरी मोठं असायला हवं होतं. मोठी मी होते. आई चालायला लागली तोवर माझ्या वर्गातल्या मुली कुठल्या कुठे गेल्या होत्या. त्यामुळे परीक्षेचा मार्च माझ्या वाट्याला कधी आलाच नाही. आला तो एकदाच, दोन वर्षांपूर्वी, इथे भिवंडीत. आणि तोही दुसऱ्या कुणाचा. माझ्या धाकट्या बहिणीचा, आशूचा.

या दिवसांत गल्लीत पॅड दिसायला लागले की तो सगळा मार्च परत येतो. सोबत डिंकाचा वास येतो, बोटांच्या टोकांना सुकून पापडी झालेल्या डिंकाची ओढ जाणवते, आणि ब्लेडनं कागद कापताना येतो तो बारीक आवाज. रवा चाळल्यासारखा.

मी इथून जवळच्या पूर्णा गावात एका गोदामात पॅकिंगला आहे. अंजूरफाट्यावर रिक्षा बदलायची, ट्रेलरच्या रांगेतून वाट काढायची, गेटवर मोबाईल लॉकरमध्ये टाकायचा आणि आत जायचं. आत आठ तास आपण आणि खोकी. पहिल्या आठवड्यात सुपरवायझर सरांनी जे शिकवलं ते मला शाळेतल्या कवितेसारखं पाठ आहे. जड खाली, हलकं वर. कोपरे आधी भरायचे. ज्या वस्तूला दार आहे, झाकण आहे, त्याला सगळ्यात आधी टेप, म्हणजे रस्त्यात उघडायचं नाही. आणि शेवटी खोकं कानाशी धरून हलवायचं. आतून आवाज आला तर पॅकिंग फेल, पुन्हा उघडा.

मी फेल होत नाही. मला भीतीच तेवढी असते. कुलूप लावल्यावर मी तीनदा ओढून बघते, रिक्षात बसल्यावर डबा आहे ना ते चाचपते, आणि खोकं इतरांनी एकदा हलवलं तर मी दोनदा हलवते. सर म्हणतात, "हिचं खोकं डोंगरावरून टाकलं तरी आतला माल झोपेतून उठणार नाही." हे ऐकून बरं वाटायचं मला. खोटं कशाला बोलू.

इथे मला आणलं माझ्या मामेबहिणीनं, सविताताईनं. तीच गोदामात होती, तिचीच खोली होती, तिनंच सरांना शब्द टाकला. मग तिचं लग्न झालं आणि ती जालन्याला गेली. जाताना गादी नेली. तिच्या गादीच्या जागी फरशीचा एक चौकोन उरला, बाकीच्या फरशीपेक्षा जरा उजळ. मी झाडताना त्याच्याभोवतीनं झाडायचे, का कोण जाणे. रविवारी सुट्टी असली की सकाळी कपडे, दुपारी जेवण, आणि मग चार वाजल्यापासून त्या चौकोनाकडे बघत बसणं. माणसाला चार वाजता एवढं एकटं वाटू शकतं हे मला गावाकडे माहीत नव्हतं. तिथे चार वाजता दळण असतं.

अशा एका रविवारी, डबा गुंडाळून आणलेला खाकी कागद हातात होता, त्याची मी उगाच घडी घातली. मग घडीवर घडी. मग मोबाईलवर शोधलं, कागदाचं काय काय करता येतं. त्यात एक बाई सापडली. बाई म्हणजे फक्त हात. कुठल्या देशाची ते कळत नाही, तोंड दिसत नाही, एक शब्द बोलत नाही. पांढरं टेबल, त्यावर दोन हात, आणि कागद. तिनं कागद मधोमध दुमडला, घडीवर दोन चिरा मारल्या, मधली पट्टी आतून बाहेर ढकलली आणि कार्ड उघडलं तर आत एक पायरी उभी. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेन. त्या पायरीपेक्षा मला तिच्या हातांची सोबत वाटायची. घडी घालून झाली की ती तळहात कागदावर अलगद ठेवायची आणि जरा थांबायची. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

मग मीही तसंच थांबायला लागले.

घडी सरळ यायला आधी रेघ दाबून घ्यावी लागते. मी ती संपलेल्या रिफीलनं दाबते. घडी पक्की करायला चमच्याची पाठ. बारीक पट्टी गुंडाळून फूल करायचं तर उदबत्तीची काडी. आत जाणाऱ्या घडीला मी पोटघडी म्हणते, बाहेर येणाऱ्या घडीला पाठघडी. ही नावं माझीच, पुस्तकातली नाहीत. आणि कागदाला एक अंग असतं हे मला कागदानंच शिकवलं. एका दिशेनं दुमडला तर तो मऊ येतो, दुसऱ्या दिशेनं दुमडला तर घडीवर कडकड मोडतो, पांढरे तंतू वर येतात. हे मी रुबिनाला सांगितलं तर ती हसायला लागली.

रुबिना माझ्या शेजारच्या टेबलवर पॅक करते. इथलीच आहे, घरी चार लूम. ती म्हणाली, "कपड़े में ताना-बाना होता है ना, वैसाच। इसमें हँसने का क्या है।"

"हसतेस तू," मी म्हटलं.

"मैं इसलिए हँसी, के तू पहली बार लंच में खुद से बोली।"

दुसऱ्या दिवशी तिनं लूमवरच्या सुताची एक पिशवी आणली. तुटलेले, उरलेले धागे, हिरवे, मोरपंखी, एक लालभडक. "ले, चिंदी की रानी," म्हणाली. माझ्या कार्डांच्या पाठीला अजून त्याच पिशवीतलं सूत आहे.

कागद मात्र गोदामातच. बुटांच्या खोक्यातला पातळ चुरचुरणारा कागद, स्टिकर काढल्यावर उरणारा गुळगुळीत पिवळा कागद, फाटलेल्या खोक्यांचे पुठ्ठे. सगळं रद्दीत जायचं. पण गेटवर अंगझडती असते, आणि बॅगेत गोदामाचा चिटोरा जरी निघाला तरी मी गेटवरच माफी मागत सुटले असते. म्हणून मी सरांकडे गेले आणि घरी न्यायला रद्दीचा गेटपास मागितला.

सरांनी पेन खाली ठेवलं. "रद्दीचा गेटपास? आजवर कुणी मागितला नाही. काय लिहू?"

"कागदाचे तुकडे लिहा. पन्नास."

त्यांनी खरंच लिहून दिला. शिक्का मारला. परत येणारा माल आणि परत न येणारा माल असे दोन रकाने होते, त्यातल्या दुसऱ्यावर टिक केली. गेटवरच्या तपासणीच्या बाईंनी एकेक तुकडा मोजला. एकोणपन्नास भरले. मी रडकुंडीला आले. त्या म्हणाल्या, "अगं, कमी आहेत म्हणजे तू आम्हाला एक दिलास. जा." या लोकांनी मला किती सांभाळून घेतलंय ते माझं मला माहीत.

आमची घरमालकीण काकी इथलीच, टेमघरचीच सून. खाडीकडचं माहेर. मी फरशीवर ब्लेड चालवते हे तिनं एकदा बघितलं आणि घरातून एक जुना सागाचा पाट आणून माझ्यापुढे आपटला. "ह्याच्यावर काप गो. माजी फरशी चिरशील." पाट तिच्या सासूचा होता. त्यावर आता माझ्या इतक्या चिरा आहेत की पाटाला जाळी पडल्यासारखी दिसते. तरी तिनं तो परत मागितला नाही.

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मी अकरा कार्डं केली. सगळी वाढदिवसाची, कारण त्या हातांनी जी दाखवली ती बहुतेक वाढदिवसाची होती. अकरा कार्डं ओळीनं भिंतीला टेकवून ठेवली आणि रुबिना एकदा खोलीवर आली तेव्हा तिनं विचारलं, "किसको देगी ये सब?"

मी इथे ज्यांना ओळखते त्यांचे वाढदिवस मला माहीत नव्हते, आणि मला ओळखतात ते माझा विचारत नाहीत. एक मी काकीला नेऊन दिलं. काकीनं ते उघडलं, आतला केक उभा राहिला, तिनं मिटलं, परत उघडलं.

"माजा वाढदिस कवा हाय त्यो मला पन ठाव न्हाय," ती म्हणाली. मग जरा विचार करून, "आजच धर. बस, शिरा करते."

त्या दिवसापासून काकीचा वाढदिवस तो. मला तारीख आठवते, तिला नाही. उरलेली दहा कार्डं भिंतीशी तशीच. पंखा लागला की ती एकेक करून पडायची आणि मी एकेक करून उभी करायचे.

खरं तर एक पत्ता होता. तो मी स्वतःशीसुद्धा उच्चारत नव्हते.

मी घर सोडलं तेव्हा आशू बारा-तेरा वर्षांची होती. बाबांच्या बोलण्यात यायला लागलं होतं की तिलाही आता घरी बसवावं, शेजारच्या गावात लोक पोरींना असंच बसवतात. एकीची सुटली म्हणून दुसरीची सुटू नये, एवढंच माझ्या डोक्यात. मी कमवायला गेले तर तिची शाळा राहील. सविताताईशी फोनवर ठरलं, पहाटेची गाडी ठरली. आशूला मात्र कुणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं ते मी. सांगितलं असतं तर ती रडली असती आणि ती रडली की माझा पाय निघत नाही. ती माझी ओढणी मुठीत धरून झोपायची, लहानपणापासूनची सवय. त्या पहाटे मी ओढणी सोडवायचा प्रयत्न केला, मूठ सुटेना. मग मी गळ्यातूनच ओढणी काढली, तिच्या मुठीत राहू दिली आणि तशीच निघाले. परभणीला सविताताई न्यायला आली होती, तिथून पुढे तिची ओढणी घेतली.

त्यानंतर आशू माझ्याशी बोलली नाही. मी फोन केला की आई बोलायची, आणि मागे आशूचा आवाज यायचा. मांजराला रागावत असायची, शेजारणीला हाक मारत असायची. आई म्हणायची, "घे, आक्का हाय." फोन तिच्याकडे गेला की मागचा आवाज बंद. कानाशी फक्त श्वास. मग आई परत, "अभ्यासाला बसती ती." अडीच वर्षं अभ्यासच चालू होता.

आणि मग ती दहावीला आली. आमच्या घरातून दहावीच्या परीक्षेला बसणारी पहिली.

फेब्रुवारीत मी ठरवलं, हे कार्ड करायचं. व्हिडिओ न बघता. त्या हातांना आमचं घर कसं माहीत असणार?

पुठ्ठ्याची भिंत, त्यावर खाकी कागद चुरगाळून सरळ केलेला, म्हणजे शेणानं सारवल्यासारखा पोत येतो. उघडलं की भिंत उभी राहील अशी पोटघडी. भिंतीला निळं दार. आमचं दार निळं आहे, खालून पावसानं पोपडे आलेलं. निळा कागद मिळाला एका बुटाच्या खोक्याचा, पोपडे नखानं खरवडून काढले. कडीला रुबिनाचं मोरपंखी सूत. माणसं मला कापता येत नव्हती, चेहरा आला की ब्लेड घसरतं. म्हणून दारापुढे चपलांचे दोन जोड ठेवले, एक मोठा, एक लहान. नखाएवढ्या चपला. त्यांचे अंगठे कापताना मी श्वास धरून ठेवायचे.

दार उघडायचं होतं. त्यासाठीच सगळं. बाहेर मी मोठ्या अक्षरात लिहिलं, "परीक्षेसाठी शुभेच्छा." ते कुणीही वाचावं, आईनं, बाबांनी. आणि दाराच्या मागे, दार उघडलं तरच दिसेल असं, पेन्सिलीनं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. माझं अक्षर नववीतच राहिलंय. ऱ्हस्व-दीर्घाची खात्री नसते. शेवटी इतकंच ठेवलं, "न सांगता गेले. चुकलं. माफ कर." आणि पेनानं गिरवलं.

किती दिवस लागले म्हणाल, तर दोन आठवडे. ड्युटीवरून आल्यावर रोज थोडं. त्या दोन आठवड्यांत मला चार वाजता एकटं वाटलं नाही. रविवारी तर काकीला येऊन सांगावं लागलं, "जेव गो आता, घर पळून न्हाय जात तुजं."

मग पॅकिंग. हे मला येत होतं. पुठ्ठा कापून कार्डाच्या मापाचं खोकं बनवलं, कोपरे भरले, वर-खाली मऊ कागद. कार्ड ठेवलं, टेप मारली, कानाशी धरून दोनदा हलवलं. आवाज नाही. दिघाशी गावाकडचा एक जण गोदामात आहे, तो पोस्टाच्या बाजूनं जाणार होता, पण मी त्याच्याकडे दिलं नाही. अर्धा दिवस रजा टाकून स्वतः स्पीडपोस्ट करून आले. पावती पाकिटात ठेवली. तीनदा बघितली.

चार दिवसांनी माझ्या टेबलवर एक छोटा ओव्हन आला. मी तो उचलला, डाव्या हातानं दार दाबून धरलं, उजव्या हातानं टेप ओढली आणि दारावर आडवी लावली. विचार न करता. रोज लावतात तशी.

आणि माझा हात तिथेच राहिला.

"क्या हुआ?" रुबिनानं विचारलं. "शॉक लगा क्या?"

मला दिसत होतं. सागाचा पाट, त्यावर कार्ड, आणि माझा हात. खोक्यात ठेवायच्या आधी दार जरा हलत होतं. मी डाव्या हातानं ते दाबून धरलं होतं आणि उजव्या हातानं पारदर्शक टेपचा एक तुकडा आडवा लावला होता. वर नखानं घासून पक्का केला होता. ज्या वस्तूला दार आहे, त्याला सगळ्यात आधी टेप.

खोकं दोनदा हलवलं होतं मी. आवाज आला नाही म्हणून समाधानानं.

रुबिनाला सांगितलं तर तिला आधी हसू आलं, मग माझं तोंड बघून तिनं ते गिळलं. "अरे तो फोन कर दे ना। बोल, टेप निकाल ले।"

इतकं सोपं होतं. तरी होत नव्हतं. टेप ओढली की वरचा निळा कागद तिच्याबरोबर सोलून येणार, हे मला माहीत होतं. आणि कुणाला सांगायचं? आईला सांगितलं तर आई तिथल्या तिथे आशूला हाक मारणार, फोन चालू असताना दार उघडायला लावणार, सगळ्यांसमोर. आणि तिनं वाचून खोकं बाजूला ठेवलं, तर तो आवाज मला फोनमधून ऐकू आला असता.

संध्याकाळी मी फोन केला. खोकं पोचलं होतं.

"लई सुरेख केलंस गं," आई म्हणाली. "आपलंच घर. चपला बी केल्यास. तुजे बाबा चष्मा लावून बघत बसले."

"आणि आशू?"

"बगितलं तिनं. काई बोलली न्हाई. दप्तरात ठिवलं."

"दार बघितलं का तिनं?"

"दार की. लावलेलं दार. खरंच्यावानी दिसतंय." आई चुलीकडे वळली असावी. मागे भांड्याचा आवाज आला. मग म्हणाली, "लावलेलं कशाला केलंस पण?"

मी म्हटलं, तिचा पेपर कधीय, झोपते का नीट, दही-साखर द्या. फोन ठेवला.

न सांगता गेलेली बहीण अडीच वर्षांनी घराचं चित्र पाठवते, आणि त्याचं दार लावलेलं. तिनं याचा काय अर्थ घ्यावा? मी तिच्या जागी बसून बघितलं. तिच्या जागी बसून जे दिसायचं ते चांगलं नव्हतं.

तो सगळा मार्च मी तिच्या पेपरांच्या वेळापत्रकावर जगले. वेळापत्रक झेरॉक्सवाल्यानं दुकानात चिकटवलं होतं, मी मोबाईलवर फोटो काढून घेतला. आज मराठी. आज हिंदी. गल्लीतून पॅडवाल्या मुली निघाल्या की मला वाटायचं आशू आता एसटीत चढली असेल. इंग्रजीच्या दिवशी मी एका खोक्यात दुसऱ्याच खोक्याचा माल टाकला. सरांनी बघितलं, बाहेर काढला, बरोबर खोक्यात टाकला. त्यांनाही मुलगी आहे. उन्हं वाढत होती, पत्र्याचं गोदाम दुपारी तव्यासारखं तापायचं, लूमच्या रुईची बारीक पिसं खिडकीतून येऊन भिंतीशी ठेवलेल्या दहा कार्डांवर बसायची. मी त्या दिवसांत एकही घडी घातली नाही. हातच जात नव्हता. मोबाईलवर त्या व्हिडिओतल्या बाईचे हात नवं काहीतरी करत होते, एक जहाज. मी आवाज बंद करून बघायचे. तिच्या व्हिडिओत तसाही आवाज नसतो.

शेवटचा पेपर झाला आणि आठ-दहा दिवसांनी मी ड्युटीवरून आले तर काकी दारातच बसलेली.

"पोस्टमन आलता. सही मी केली. देवाजवल ठेवलाय."

देव्हाऱ्याच्या बाजूला खोकं होतं. माझंच खोकं. आतली बाजू बाहेर करून पुन्हा चिकटवलेलं, पण घड्या माझ्या, कोपरा कापायची पद्धत माझी. गोदामात रोज अशी खोकी बघते मी. गिऱ्हाईकाला नको असलं की माल त्याच खोक्यातून परत येतो.

पत्ता आशूच्या अक्षरात होता. तिचं अक्षर माझ्यापुढे गेलंय.

"उघड ना," काकी म्हणाली.

"नंतर उघडते."

"नंतर न्हाय. मी हाय हितं. उघड."

मी उघडलं. कार्ड होतं. भिंत उभी राहिली, चपला जागच्या जागी. दारावर टेप तशीच होती, ओढलेली नव्हती. दाराच्या फटीतून, वरून खालपर्यंत, कुणीतरी ती बारीक चिरली होती, ब्लेडनं किंवा कंपासपेटीतल्या टोकदार कशानं तरी, इतक्या सरळ की निळा कागद कुठेच सोलला नव्हता. मी नखानं दार ओढलं.

माझ्या ओळीच्या खाली तिची ओळ होती.

"मी जागीच होते. उठले असते तर तू गेली नसतीस."

काकीला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "काय म्हनते गो बहीन?" मी वाचून दाखवलं. काकीनं चपलांचा लहान जोड करंगळीनं चाचपला आणि म्हणाली, "मंग तिनंच धाडली तुला."

त्या वाक्याचं काय करायचं ते मला आजही पुरतं कळलेलं नाही. अडीच वर्षं मी समजत होते की ती माझ्यावर रागावली आहे. ती बारा वर्षांची पोर डोळे मिटून, मुठीत ओढणी धरून पडून राहिली होती, आणि मी दाराची कडी वाजू नये म्हणून किती जपत होते. दोघी एकमेकींसाठी नसलेली झोप जपत होतो. आणि मग फोनवर तो श्वास. त्या श्वासात राग नव्हता, हे मला तेव्हा कसं कळावं? दूर राहिलं की माणसाच्या गप्प राहण्याचे सगळे अर्थ आपल्यालाच लावावे लागतात, आणि माझ्यासारख्या भित्र्या बाईला वाईट अर्थ आधी सापडतो.

आता आशू फोनवर बोलते. भाजी काय केली, मांजरीला पिल्लं झाली, बाबांचा खोकला. दाराच्या मागचं आम्ही फोनवर काढत नाही. ते कार्ड मात्र तेव्हापासून जातं-येतं, त्याच खोक्यातून, एकदा आतली बाजू बाहेर, एकदा बाहेरची आत. कधी ती एक ओळ लिहिते, कधी मी. पहिल्या दिवाळीला तिनं लिहिलं, "ओढणी माझ्याकडेच आहे, मागू नकोस." मागच्या वर्षी लिहिलं, "सतरा नंबरचा फॉर्म भर." शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसायचं तर तो फॉर्म भरावा लागतो. मी लिहिलं, "बघते." तिनं लिहिलं, "बघू नकोस, भर."

हे आलं गेल्या महिन्यात. आता ती बारावीला आहे, तिचे पेपर चालू आहेत, आणि पाळी माझी आहे.

दाराच्या मागे जागा उरलेली नाही. म्हणून या रविवारी काकीच्या पाटावर मी कार्ड पालथं घातलं, त्या दाराच्या आत, मागच्या भिंतीला, आणखी एक दार कापलं. लहानसं, पोरानं वाकून जावं एवढं. खोलीत मी एकटीच होते. चार वाजले होते. फरशीचा तो उजळ चौकोन अजून तसाच आहे, मी त्यावरच पाट मांडून बसते हल्ली. रुबिना तिच्या आत्याकडे लग्नाला, काकी माहेरी. लूम चालू होत्या. दार कापून झालं आणि मी तळहात त्यावर ठेवून जरा थांबले.

मग त्याच्या मागे लिहिलं, "भरेन. भीती वाटते."

खोडलं नाही. गिरवलं.

खोकं केलं, कोपरे भरले. कार्ड आत ठेवलं तर आतलं लहान दार सुटून हलत होतं. माझा डावा हात आपोआप पुढे गेला, दार दाबून धरलं, उजव्या हातानं टेपचं टोक शोधलं. नखाला लागलंसुद्धा. मी दोन्ही हात मागे घेतले आणि मांडीवर ठेवले. जरा वेळ तसेच राहू दिले.

मग खोकं बंद केलं, कानाशी धरलं आणि हलवलं. आत दार फडफडत होतं.

तसंच पाठवलं.